कुणाला काय, आणि कुणाला काय नको

ज्याला आधीच हवा पुरत नाही, त्याच्या फुफ्फुसाचा काही भाग कापून टाकायचा, ही कल्पना ऐकायला उफराटी वाटते. पण तिच्यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. एम्फिसीमा झालेल्या फुफ्फुसात वायुकोशांच्या भिंती फाटून मोठाल्या पोकळ्या झालेल्या असतात. त्यांत हवा शिरते, पण धड बाहेर पडत नाही. अडकलेल्या हवेने छाती कायमची फुगलेली राहते, खालचं श्वासपटल दाबून सपाट होतं, आणि सपाट झालेल्या स्नायूला आणखी खाली सरकायला जागाच उरत नाही. निकामी पोकळ्या काढून टाकल्या, तर श्वासपटलाला पुन्हा कमान येते आणि शेजारच्या बऱ्या भागाला पसरायला वाव मिळतो. बाल्टिमोरचे सर्जन ऑटो ब्रँटिगन यांनी १९५०च्या दशकात हे करून पाहिलं. मृत्यू बरेच झाले आणि पद्धत मागे पडली. १९९०च्या दशकात सेंट लुइसच्या जोएल कूपर यांनी ती पुन्हा पुढे आणली, तेव्हा मात्र अमेरिकेत अशा शस्त्रक्रियांची लाटच आली. शेवटी वृद्धांचा वैद्यकीय खर्च उचलणाऱ्या तिथल्या सरकारी विमा योजनेने पैसे देणं थांबवलं आणि आधी नीट चाचणी करा, असं सांगितलं.

ही चाचणी १९९८ ते २००२ या काळात सतरा केंद्रांत झाली. १२१८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं: एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला फक्त औषधोपचार. सरासरी निकाल निराशाजनक होता. दोन्ही गटांत मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच. एवढ्यावर थांबलं असतं तर ‘उपयोग नाही’ असा शिक्का बसून विषय संपला असता. पण त्या सरासरीच्या पोटात एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जाणारी माणसं होती. ज्यांचा आजार फुफ्फुसाच्या वरच्या भागात होता आणि व्यायामाच्या शिक्षणानंतरही ज्यांची ताकद कमी राहिली होती, ते शस्त्रक्रियेनंतर जास्त जगले. आजार इतरत्र पसरलेला आणि ताकद बरी, अशांमध्ये शस्त्रक्रियेनेच मृत्यू वाढले. त्याहून गंभीर गोष्ट २००१ मध्ये, चाचणी चालू असतानाच, लक्षात आली होती. ज्यांची फुंकर, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा, अपेक्षेच्या वीस टक्के किंवा त्याहून कमी उरली होती, आणि त्याखेरीज आजार सगळीकडे सारखा पसरलेला होता किंवा प्राणवायू रक्तात उतरण्याची क्षमता अगदीच खालावली होती, अशा ६९ जणांवर शस्त्रक्रिया झाली होती. त्यांतले १६ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. नुसती औषधं घेणाऱ्या तशाच ७० जणांपैकी त्या मुदतीत एकही नाही. अशा रुग्णांना घेणं तिथेच बंद झालं.

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार, याबद्दल बोलताना मला हीच चाचणी आधी सांगावीशी वाटते. ‘व्यक्तीनुसार उपचार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महागड्या जनुकीय तपासण्या आणि परदेशातून येणारी इंजेक्शनं उभी राहतात. प्रत्यक्षात या आजारात व्यक्तीनुसार उपचार म्हणजे बऱ्याचदा कुणाला काय द्यायचं नाही, हे ओळखणं. आणि ते ओळखायला लागणारी साधनं बहुतेक वेळा तालुक्याच्या गावातही मिळतात.

पहिली पायरी निदानाची, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते. धाप लागणाऱ्या साठीच्या माणसाला घरचे ‘दमेकरी’ म्हणून मोकळे होतात. दवाखान्यातही कागदावर तेच चढतं. पण दमा आणि सीओपीडी यांचे उपचार पायापासून वेगळे आहेत. दम्यात श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड हा पाया असतो. ते न देता नुसतं लांब पल्ल्याचं नळी रुंदावणारं औषध देणं धोक्याचं मानतात. सीओपीडीत नेमकं उलटं. तिथे नळ्या रुंदावणारी औषधं हा पाया आणि स्टेरॉइड फक्त निवडक लोकांना. हा फरक छातीला स्टेथोस्कोप लावून कळेलच असं नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते: जोरात, पूर्ण, शेवटपर्यंत फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, यांचं गुणोत्तर काढायचं. नळ्या रुंदावणारं औषध दिल्यानंतरही ते ०.७ च्या खालीच राहिलं, तर अडथळा कायमचा आहे असं धरतात. या यंत्राचा पूर्वज लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये मांडला. आज पावणेदोनशे वर्षांनीही, रक्तदाब मोजतात त्या सहजतेने ही तपासणी होत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

पण फुंकरीचा आकडा निदानाला जितका कामाचा, तितका उपचार ठरवायला नाही. सारखाच आकडा असलेली दोन माणसं घ्या. एक जण रोज बाजारापर्यंत चालत जातो. दुसऱ्याला अंघोळ करून टॉवेल गुंडाळेपर्यंत बसावं लागतं. एकाला वर्षात एकदाही आजार बळावत नाही. दुसरा प्रत्येक थंडीत रुग्णालयात दाखल होतो. या आजारावर मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्ये हे मान्य केलं आणि आकड्याच्या जोडीला दोन प्रश्न आणले: रोजचा त्रास किती, आणि आजार किती वेळा उफाळतो? २०२३ च्या मांडणीत तीन गट उरले. त्रास कमी आणि उफाळणंही क्वचित, तर नळी रुंदावणारं एक औषध. त्रास जास्त, तर वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन औषधं एकत्र. वर्षात दोनदा उफाळलं किंवा एकदाही दाखल व्हावं लागलं, तर तो तिसरा गट. तिथे त्रास किती हा प्रश्न मागे पडतो आणि पुढचा झटका टाळणं हेच पहिलं काम होतं.

रोजचा त्रास विचारायचा, हे वाचायला सोपं आहे. ‘दम लागतो का?’ असं विचारलं की ‘नाही, तसा काही नाही’ असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. उत्तर देणाऱ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी चढावरच्या देवळात जाणं सोडलेलं असतं, मग पाण्याची कळशी सुनेकडे दिलेली असते, मग वरच्या मजल्यावर जाणं. दम लागेल ते सगळं आयुष्यातून काढून टाकल्यावर दम लागणार कसा? म्हणून जाणकार डॉक्टर वेगळं विचारतात: सपाट रस्त्याने बरोबरीच्या बायकांबरोबर चालताना मागे पडता का? मागच्या वर्षी करत होता आणि आता करत नाही, असं काय काय आहे?

कारणही विचारावं लागतं, कारण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला सीओपीडीचा रुग्ण म्हणजे सिगारेट ओढणारा पुरुष. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांचा १९७७ चा प्रसिद्ध आलेख लंडनच्या कामगार पुरुषांवरूनच निघाला. धूम्रपान सोडलं की गेलेली क्षमता परत येत नाही, पण घसरणीचा वेग मंदावतो, हे त्याने दाखवलं आणि ते आजही खरं आहे. मात्र २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहून लक्ष वेधलं ते कधीच धूम्रपान न केलेल्या सीओपीडी रुग्णांकडे: चुलीचा धूर, धुळीचे उद्योग, बरा झालेला क्षयरोग, लहानपणचे छातीचे आजार. पुढे २०१५ मध्ये पीटर लँग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची फुफ्फुसं वेगाने झिजलेली नसतात. ती तरुणपणीच पूर्ण वाढलेली नसतात. अर्थात, ‘बिडी सोडा’ हा सल्ला ज्या आजीने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तिच्या काय कामाचा? तिच्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी, पाणी तापवायचा बंब आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून आलेलं सिलिंडर महिन्यातून किती दिवस खरंच वापरलं जातं, हा उपचाराचा भाग आहे. पुष्कळ घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकऱ्या चुलीवर. धूर निम्मा झाला तरी राहिलेला निम्मा पुरेसा असतो.

आता स्टेरॉइडकडे येऊ, कारण औषधांपुरता या प्रकरणाचा गाभा तोच आहे. इन्हेलरमधून स्टेरॉइड घेतल्याने काही सीओपीडी रुग्णांचे झटके खरोखर कमी होतात. काहींना त्याचा काडीचा उपयोग नसतो. उलट न्यूमोनियाचा धोका वाढतो. २००७ च्या ‘टॉर्च’ या मोठ्या चाचणीत तो धोका स्पष्ट दिसला. मग निवड कशी करायची? उत्तर आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त निघालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार आहे, इओसिनोफिल. दर मायक्रोलिटरला त्या तीनशे किंवा जास्त असतील आणि झटके येत असतील, तर स्टेरॉइड जोडण्याच्या बाजूने पारडं झुकतं. शंभराच्या खाली असतील तर फायद्याची आशा फारच कमी. मधल्या पट्ट्यात डॉक्टरांनी विचार करायचा. हा आकडा साध्या सीबीसीत मिळतो. रिपोर्टवर फक्त टक्केवारी असेल, तर एकूण पांढऱ्या पेशींना तिने गुणायचं: आठ हजारांचे चार टक्के म्हणजे तीनशेवीस.

आपल्याकडे मात्र हा आकडा जरा सावधपणे वाचावा लागतो. जंत, त्वचेची ॲलर्जी, काही औषधं यांनीही इओसिनोफिल वाढतात. उलट, रुग्ण स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असताना तपासणी केली, तर आकडा फसवा खाली येतो. आणि इथे झटका आला की गोळ्या सुरू होतात, त्याच वेळी रक्तही काढलं जातं. म्हणून एका आकड्यावर न थांबता, बरं असतानाचे जुने रिपोर्ट पाहणं शहाणपणाचं. दुसरी गोष्ट क्षयाची. पूर्वी क्षय होऊन गेला असेल, तर ती इन्हेलरमधल्या स्टेरॉइडच्या विरोधात जाणारी बाब धरली जाते. क्षयाने फुफ्फुसात व्रण सोडलेले रुग्ण आपल्याकडे इतके आहेत, की हा प्रश्न इथे प्रत्येकाला विचारायलाच हवा. तरीही दम्याच्या सवयीने पहिल्याच भेटीत स्टेरॉइडचा जोड-पंप लिहून देण्याची रीत काही जात नाही.

पंप म्हटलं की लोकांची एक ठाम समजूत आडवी येते: ‘तो शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही.’ खरं तर तोंडाने घेतलेली गोळी सगळ्या शरीरातून फिरून फुफ्फुसात पोचते. पंपातला डोस तिच्या मानाने फार थोडा असतो आणि थेट जागेवर पडतो. हे उपकरण आलंही एका लेकीच्या हट्टातून. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमा असलेल्या मुलीने, केसांच्या फवाऱ्यासारखं औषध का नाही मिळत, असं विचारलं, आणि १९५६ मध्ये पहिला मोजून फवारा देणारा इन्हेलर बाजारात आला.

पण कोणता पंप कुणाच्या हाताला जमेल, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. फवाऱ्याचा पंप दाबायचा आणि त्याच क्षणी सावकाश, खोल श्वास ओढायचा. पावडरीच्या कॅप्सूलचा असेल तर नेमकं उलटं, जोरात आणि झपकन ओढायचा. फुफ्फुसाची ताकद गेलेल्या माणसाला तो जोर आणताच येत नाही. पावडर कॅप्सूलमध्येच राहते. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला फवारा दाबता येत नाही. नजर अधू झालेल्या आजोबांना छोटी कॅप्सूल बसवता येत नाही. अशांना स्पेसरची नळी किंवा नेब्युलायझरची वाफ हाच खरा ‘व्यक्तीनुसार’ उपचार. आणि विचारल्याशिवाय तर काहीच गृहीत धरू नये.

‘मावशी, कॅप्सूल रोज घेता ना?’

‘घेते की. सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर.’

असा संवाद काल्पनिक असला तरी गंमत म्हणून रचलेला नाही. श्वासावाटे घ्यायच्या कॅप्सूल लोक गिळतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००८ मध्ये जाहीर सूचना काढावी लागली होती. औषध लागू पडत नाही म्हणून ते वाढवण्याआधी, रुग्णाला पंप घेऊन दाखवायला सांगणं हे पहिलं काम.

प्राणवायूचंही असंच. १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवलं, की रक्तातला प्राणवायू फारच खाली असलेल्या रुग्णांनी दिवसातून पंधरा तास किंवा जास्त प्राणवायू घेतला, तर आयुष्य वाढतं. विश्रांतीच्या वेळी, आजार स्थिर असताना, बोटावरच्या यंत्राचा आकडा ८८ किंवा त्याखाली असेल तर हा विचार करतात. मग ज्यांचा आकडा जरासाच खाली आहे, त्यांनाही थोडा फायदा होईल, असं कुणालाही वाटेल. २०१६ मध्ये ७३८ रुग्णांवरच्या चाचणीने ते तपासलं. ना आयुष्य वाढलं, ना रुग्णालयात जाणं कमी झालं. फक्त घरात यंत्र आलं, आणि नळीच्या लांबीएवढं जग.

करोनाच्या काळात घराघरात ऑक्सिमीटर आले आणि ९४ च्या खाली म्हणजे धोका, हे डोक्यात पक्कं बसलं. सीओपीडीच्या रुग्णाला झटका आल्यावर घरचे म्हणूनच प्राणवायूची चावी मोठी करतात. इथे थांबायला हवं. यांतल्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साचलेला असतो. प्राणवायूचा मारा केला की तो आणखी साचतो, गुंगी येते, श्वास मंदावतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये रुग्णवाहिकांनी एक चाचणी केली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना नेहमीप्रमाणे भरपूर प्राणवायू दिला, काहींना फक्त ८८ ते ९२ पर्यंत पोचेल एवढाच. बेताने दिलेल्या गटात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. शेजारच्या खाटेवरच्या न्यूमोनियाच्या रुग्णाला ९२ हा आकडा अपुरा असेल. सीओपीडीचा झटका आलेल्याला तो पुरेसा आहे. नातेवाइकांना हे पटवणं कठीण जातं. ‘प्राणवायू कमी का ठेवलाय?’ या प्रश्नावरून वॉर्डात भांडणं होतात.

पंप नीट घेऊनही झटके थांबत नसतील, तर पुढच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर नाव वेगळं लिहिलेलं आहे. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक रोज कमी मात्रेत वर्षभर दिल्याने झटके कमी होतात, असं २०११ मध्ये दिसलं. पण नंतरच्या विश्लेषणात अजून धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा फायदा जवळपास दिसला नाही, आणि काहींच्या कानांवर परिणाम होतो. रोफ्लुमिलास्ट ही गोळी सतत बेडका पडणाऱ्या, फुंकर निम्म्याच्या खाली गेलेल्या रुग्णांसाठी. मात्र त्याने भूक आणि वजन घटतं, म्हणून काडीसारख्या झालेल्या माणसाला ते देताना दहादा विचार करावा लागतो. २०२४ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळालेलं डुपिलुमॅब हे इंजेक्शन इओसिनोफिल वाढलेल्यांपुरतंच आहे. त्याची किंमत पाहता इथल्या बहुतेकांसाठी ते अजून बातमीतलंच औषध.

हृदयाचा एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. ‘दमेकऱ्याला बीटा ब्लॉकर नको’ हा जुना धडा सीओपीडीलाही सरसकट लावला जातो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला हृदयावरच नेमकं काम करणारे बीटा ब्लॉकर सहसा चालतात, आणि ते नाकारणं म्हणजे एका आजाराच्या भीतीने दुसऱ्याला मोकळं रान देणं. पण म्हणून सगळ्यांना द्यावेत का? २०१९ मध्ये, हृदयासाठी गरज नसलेल्या सीओपीडी रुग्णांना मेटोप्रोलॉल देऊन पाहिलं, तर रुग्णालयात न्यावे लागणारे झटके वाढले.

एक उपचार मात्र जवळपास सगळ्यांना लागू आहे, आणि तोच सर्वांत कमी दिला जातो: शिकवून, मोजून करून घेतलेला व्यायाम, म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र केल्यावर पुरावा इतका भक्कम निघाला, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असं संपादकांनी जाहीर केलं. मापाने बेतणं इथेही आहेच. कुणाला मैदानाला फेऱ्या, कुणाला खुर्चीतून दहा वेळा उठणं, कुणाला नुसतं ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकणं. वजन घटत चाललेल्या माणसाला आधी खायला हवं, आणि तेही थोडं थोडं, कारण भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं आणि दोन घासांतच धाप लागते.

आता औषध काढून घेण्याबद्दल. वर्षानुवर्षं तीन औषधांचा पंप घेणाऱ्या रुग्णाचं स्टेरॉइड थांबवता येतं का? २०१४ च्या ‘विझडम’ चाचणीत २४८५ रुग्णांपैकी निम्म्यांचं स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने बंद केलं. मध्यम किंवा गंभीर झटक्यांचा धोका एकंदरीत वाढला नाही. २०१८ च्या ‘सनसेट’ चाचणीने त्याला अट घातली: ज्यांचे इओसिनोफिल तीनशे किंवा त्याहून जास्त होते, त्यांना स्टेरॉइड काढल्यावर झटके जास्त आले. म्हणजे इओसिनोफिल कमी, वर्षभर झटका नाही आणि न्यूमोनिया होऊन गेलेला, अशा रुग्णाच्या बाबतीत हा विचार डॉक्टरांनी करायचा. रुग्णाने मनाने पंप सोडून पाहायचा नाही, आणि बदल केल्यावर पहिले काही महिने फेऱ्या वाढवायच्या. त्यासाठी लागणारे आकडे रुग्णाच्या पिशवीत, मागच्या तीन-चार रिपोर्टांच्या घडीत, सहसा आधीपासूनच असतात.